जखमी घार घरी का ठेवायची नाही?

संक्रांतीच्या मांज्याने पंख चिरलेली घार उचलून आणणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकराला कायदा आडवा येतो, ही तक्रार अर्धीच खरी आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे कलम ३९ बेकायदा ताब्यात ठेवलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता मानते आणि तो हाती आल्याची खबर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला द्यायला सांगते. म्हणजे प्रथमोपचाराला वाव आहे, पाळायला नाही. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

अशा जखमी प्राण्यांवर उपचार करणारी बचाव केंद्रे याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येतच आली, त्यामुळे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. हा नुसता कागदी जाच नव्हे. केंद्रातले काम रोजचे आणि संथ असते: वजन घेणे, विष्ठा तपासणे, पट्टी बदलणे, पिंजऱ्यावर पडदा टाकणे, मग मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव. माणसाची सवय लागलेली घार सोडणे तिच्याच जिवावर बेतते. म्हणून केंद्रात शाळेच्या सहलीही नकोत. मग मुलांना प्राणी दाखवल्याशिवाय शिकवायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. पण येऊरचे जंगल आणि ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य जवळ असताना आजारी पक्ष्यासमोर शाळेची रांग कशाला? जखमेतून काढलेला मांजा आणि मोडक्या हाडाचा एक्स-रे मुलांना पुरेसे शिकवतात.