लहान प्रक्षेपक आणि समाजाची वाणी

क्षिप्राकाठची उज्जैन नगरी महाकालाची नगरी म्हणून भारतभर ख्यात आहे. येथे संख्येने अल्प असा ख्रिस्ती समाजही नांदतो. येथील कॅथलिक धर्मप्रांतास १९७७ मध्ये मान्यता मिळाली. उपासनेच्या वेळा, आरोग्याच्या सूचना, मुलांच्या शिक्षणाची माहिती अशा विखुरलेल्या समाजास घरबसल्या मिळावी, म्हणून मध्यम लहरींवरील एखादा लहान प्रक्षेपक बसवावा, असे कोणासही सुचणे स्वाभाविक आहे. ही कल्पना कितपत व्यवहार्य आहे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

ख्रिस्ती संस्थांचा नभोवाणीशी संबंध जुना आहे. व्हॅटिकन रेडिओ १९३१ मध्ये मार्कोनी यांच्या साहाय्याने सुरू झाला. 'फेबा' या संस्थेचे लघुलहरींवरील कार्यक्रम १९७० ते २००३ पर्यंत सेशेल्स बेटांवरून भारतासाठी प्रक्षेपित होत. ती केंद्रे मोठ्या शक्तीची होती. याउलट अमेरिकेत मध्यम लहरींवर एक दशांश वॅट शक्ती व तीन मीटर लांबीचा आकाशक यांच्या मर्यादेत परवान्याविना प्रक्षेपण करता येते. पण ते साधारणतः चर्चच्या आवारापुरतेच पोचते.

याचे कारण लहरींच्या लांबीत आहे. एक हजार किलोहर्ट्झची लहर तीनशे मीटर लांब असते. तिच्यासाठी सुमारे पंचाहत्तर मीटर उंच मनोरा लागतो. आखूड तारेतून बरीचशी शक्ती वाया जाते. शिवाय रात्री दूरच्या केंद्रांच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून येतात व दुर्बळ आवाज झाकून टाकतात. एफ.एम.ची लहर मात्र सुमारे तीन मीटरचीच असते. तिला लहानसा आकाशक पुरतो.

भारतात परवानगीविना प्रक्षेपण करता येत नाही. १९३३ च्या कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणे हाही अपराध ठरविला होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही परवानगीचे बंधन राखले आहे. नभोवाणीच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना व २००६ मध्ये सेवाभावी संस्थांना सामुदायिक रेडिओचा मार्ग खुला झाला. ही केंद्रे एफ.एम.वरच चालतात. त्यांची प्रभावी शक्ती सामान्यतः शंभर वॅटपर्यंत असते. किमान तीन वर्षांपूर्वी नोंदणी झालेल्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेस केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करता येतो.

मात्र या सवलतीबरोबर जबाबदारीही येते. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावयाचे असतात. ते शक्यतो स्थानिक बोलीत, म्हणजे उज्जैन परिसरात माळवीत, असावेत अशी अपेक्षा आहे. कोणत्याही धर्मावर वा समाजावर आघात करणारे कार्यक्रम निषिद्ध आहेत. म्हणजेच केंद्र कोणीही चालविले, तरी ते शेजारच्या सर्वांचे असावे लागते.

तेव्हा यंत्र विकत घेण्यापूर्वी संबंधितांनी नियम पाहावेत, हेच श्रेयस्कर. आजारी माणसाला दवाखान्याची वेळ व शेतकऱ्याला पावसाचा अंदाज त्याच्याच बोलीत कळविणारे केंद्र ज्या समाजाने उभारले, त्याची ओळख शेजाऱ्यांना वेगळी करून द्यावी लागत नाही.