सायकलला इंजिन : मर्यादा पंचवीस सीसीची

सायकलला इंजिन जोडू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी अश्वशक्तीआधी सीसी पाहावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारहून कमी चाके व २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. ४९ सीसीचे इंजिन बसविल्यास नोंदणी, परवाना, विमा सारेच मागे लागते.

गवत कापण्याच्या यंत्रांची काही इंजिने या मर्यादेत बसतात. मात्र ती मिनिटाला सहा हजारांवर फेरे घेतात. ताशी २५ किलोमीटर वेगाला चाकाचे फेरे जेमतेम दोनशे. ही तीसपट घट टायरवर टेकणारा २४ मिलिमीटरचा रोलर एका टप्प्यात साधतो, पण पावसात तो घसरतो. साखळीला दोन टप्पे लागतात, खर्चही अधिक. तरी मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात, केंद्रोत्सारी क्लचसह, तीच बरी. जुने दांड्यांचे ब्रेक मात्र आधी बदलावेत.