बारा सेकंदांची चाल

रत्नागिरीजवळच्या एका गावात, आगरातल्या एका घराच्या भिंतीवर मला एक पट्टा दिसला. माजघरापासून न्हाणीघरापर्यंत, कमरेहून जरा वर, चुना काळवंडून गुळगुळीत झालेला. ऐंशी पार केलेल्या आजी भिंत धरल्याशिवाय चालत नाहीत, त्यांच्या तळहाताचा तो माग. त्यांच्याकडे येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी नेमकं करते काय, हे बघायला मी मुद्दाम गेले.

तिने आधी खुर्ची ओढली. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 1991 पासून जगभर वापरली जाणारी ही चाचणी. "बारा सेकंद," ती म्हणाली, "बारा किंवा जास्त लागले की पडण्याचा धोका आहे असं धरायचं." आजींना बावीस लागले.

पण वेळ चालण्यात गेलाच नाही. गेला तो उठण्यात आणि वळण्यात. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले, मांड्या थरथरल्या, आजी अर्ध्या उठल्या आणि धपकन परत बसल्या. दुसऱ्या खेपेला उभ्या राहिल्या. वळताना एकाच जागी सहा-सात इवली पावलं.

मांडीच्या पुढचा स्नायू आपल्याला उठवतो, पोटरी पुढे ढकलते. खुब्याच्या बाजूचा स्नायू मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर असतो आणि तेव्हा कंबर तोच सावरतो. वयाबरोबर स्नायूंतले चपळ तंतू आधी झिजतात, म्हणून ठेच लागली की सावरणारं पाऊल वेळेत पडत नाही.

"पडल्यापासून आम्ही यांना काही म्हणजे काही करू देत नाही हो," सूनबाई म्हणाल्या. माया खरी होती, पण माझ्या मते दुखणं तिथेच वाढलं. पाटावर बसणं बंद, जोतं उतरणं बंद, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात. ज्या बाईने जन्मभर भात लावलं, जांभ्याची पाखाडी चढून देऊळ गाठलं, तिचे पाय बसून बसून गेले. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. कर्ते पुरुष मुंबईला. अशा किती घरांत रात्री न्हाणीकडे जाणारी म्हातारी एकटी असेल!

आणि हे पाय परत येतात. 1990 साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली, तर ताकद सरासरी 174 टक्के वाढली. नुसत्या फेऱ्या मारून ते होत नाही. स्नायूला ओझं लागतं.

इथे ओझं म्हणजे घोट्याला बांधलेली मिठाची पुरचुंडी. कट्टा धरून टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं, मग हात छातीशी धरून उठबस. चौथ्या उठबशीला आजी कावल्या. "पुरे गो, पडले तर कोण उचलील?"

"मी आहे ना मागे. उठा बघू."

त्या उठल्या, या वेळी दांड्यांना न शिवता. कपाळावर घाम होता.

निघताना मुलीने सूनबाईंना बजावलं, "उद्यापासून चहा खुर्चीवर नेऊन द्यायचा नाही. स्वयंपाकघरात ठेवा, त्या येतील." सूनबाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आणि वाटेत तोल गेला तर?"

"तुम्ही बाजूने चाला. हात धरू नका, फक्त चाला." पुढच्या खेपेला ती पुरचुंडीत मीठ वाढवणार आहे आणि पुन्हा वेळ लावणार आहे. बारा लांब आहे. तिला आधी अठरा हवेत.