बेट पाठ केलं, आता बेट पाहू या!

‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट.’ व्याख्या मुलांना तोंडपाठ असते. पण बेटावर पाय ठेवलाय किती जणांनी?

गोव्याला सहल नेताय ना? मग एक दिवस मांडवी नदीतल्या चोडण आणि दिवाडी बेटांसाठी ठेवा. रायबंदरहून फेरीबोट मिळते.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. हे खारफुटीचं जंगल. भरतीच्या वेळी होडीतून आत जाता येतं. ओहोटीला चिखलातून वर आलेली मुळं दिसतात. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात! खेकडे आणि निवट्या मासेही तेव्हाच दिसतात. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ जरूर बघा. होडीत लाइफ जॅकेट हवंच.

दिवाडीवर इतिहास भेटतो. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथलं. ते पोर्तुगीजांनी पाडलं. देव नदीपलीकडे नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला.

परतताना फेरीबोटीत मुलांना एवढंच विचारा: रात्री कुणी आजारी पडलं, तर बेटावरच्या माणसांनी काय करायचं? व्याख्येत नसलेलं बेट तिथूनच कळायला लागतं.