अंगणातील तुळस : तिची वाढ आणि तिचा आवर

शेतकरी मेळाव्यात खते, बियाणे आणि कीड-रोगांचे प्रश्न विचारून झाले की मागच्या रांगेतील एखादी भगिनी हळूच उठते आणि विचारते, "साहेब, आमची तुळस टिकत नाही. लावावी तर उंच काडीसारखी वाढते आणि वर्षाच्या आत वाळते." प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे काळजी असते. दारची तुळस वाळली म्हणजे घराला काही अशुभ, असा समज अजून आहे आणि त्याचा बोल बहुधा घरातील सुनेला लागतो. आमच्या गावाकडच्या घरी तीन वर्षांत चार रोपे गेली. बोल लागला तो नव्याने घरात आलेल्या धाकट्या काकूंना. पुढे वृंदावन दुरुस्तीला काढले, तेव्हा तळाचे छिद्र सिमेंटने बुजलेले निघाले. मुळे पाण्यात कुजत होती.

म्हणून तुळस कशी वाढते हे आधी समजून घेऊ.

आपल्याकडे तुळशीच्या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती वाढतात. पूजेची तुळस, मग ती हिरव्या पानांची असो वा जांभळट कृष्ण तुळस, साधारण ३० ते १०० सें.मी. उंच होते. सबजा हंगामी असून दीड ते तीन फुटांवर थांबतो व बी धरून संपतो. रानतुळस मात्र झुडूपच आहे. ती पुरुषभर उंच होते आणि कापूर तुळसही छातीपर्यंत सहज जाते. शेजाऱ्यांकडून आणलेले रोप जर वृंदावनात मावेनासे झाले, तर ते रानतुळशीचे नाही ना, हे पान चुरगळून वासावरून पाहावे. रानतुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो व तिची पानेही मोठी असतात. अशा झाडाला कुंडीत कोंडण्यापेक्षा बांधावर जागा द्यावी. तिच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या भरपूर येतात, त्याचा पिकांनाही फायदा होतो.

शेंडा आणि बगलफूट

तुळशीचे खोड चौकोनी असते व पाने समोरासमोर जोडीने येतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. शेंड्यात तयार होणारे संजीवक खाली उतरते आणि या डोळ्यांना दाबून ठेवते. त्यामुळे रोप सरळ वर जाते. शेंडा खुडला की हा दाब उठतो आणि त्याखालील जोडीतून दोन फांद्या फुटतात. कपाशीचा किंवा तुरीचा शेंडा आपण ज्या कारणासाठी खुडतो, तेच कारण येथेही आहे.

रोप वीतभर उंचीचे झाले व त्याला चार-पाच पानजोड्या आल्या की खालच्या तीन जोड्या ठेवून वरचा शेंडा नखाने खुडावा. खूण जोडीच्या किंचित वर करावी. मध्येच तोडल्यास राहिलेला तुकडा वाळतो. दोन नव्या फांद्यांना तीन-तीन जोड्या आल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. तीन वेळा खुडले की एका काडीच्या आठ फांद्या होतात आणि रोप फूट-दीड फुटात घेरदार बसते. खुडलेले शेंडे चहाला, काढ्याला वापरावेत.

काही घरांत तुळशीला लोखंड लावत नाहीत, तर एकादशी-द्वादशीला पान तोडत नाहीत. या रीती मोडण्याची गरज नाही. खुडणी नखानेच चांगली होते आणि एखादा दिवस मागेपुढे झाल्याने झाडाचे बिघडत नाही.

मंजिरीबाबत मात्र आळस नको. तुळशीची मंजिरी फांदीच्या टोकाला येते आणि ती आली की त्या फांदीची उंची संपते. बी भरू लागले की झाडाची सगळी शक्ती तिकडे जाते, पाने बारीक होतात, खालची गळतात आणि खोड लाकडासारखे कठीण बनते. बहुतेक घरांतील तुळस वाळते ती अशी, मंजिऱ्यांनी लगडून. मंजिरी हिरवी असतानाच खालच्या एका पानजोडीसह काढावी. बियाण्यासाठी जोमदार झाडावर दोन-तीन राखाव्यात.

जुने, उघड्या काड्यांचे झाड खाली आणायचे असेल तर एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नये आणि प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पाने राहतीलच असे पाहावे. निष्पर्ण जून लाकडातून फूट येण्याची खात्री नसते. थंडी ओसरल्यावर फाल्गुनात किंवा पावसाच्या तोंडावर छाटणी करावी. ऐन थंडीत किंवा वैशाखात करू नये. थंडीत नाशिक, निफाडकडे पाने काळवंडून गळतात. त्या वेळी झाड मेले समजून उपटू नका. नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवे असेल तर पाणी कमी करून थांबा. छाटलेली जाड खोडे फेकू नयेत. वारकऱ्यांच्या माळेचे मणी याच लाकडाचे होतात.

वृंदावनातील अडचणी

आठ इंची कुंडीत दीड फुटाचे, तर बारा इंची कुंडीत अडीच फुटांपर्यंत झाड चांगले राहते. मुळांना जागा कमी तर झाड लहान, हा साधा हिशेब आहे. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण घ्यावे. युरिया घालू नये. त्याने काडी लांबते आणि पान पातळ होते. सावलीतही तसेच होते, म्हणून पाच-सहा तास ऊन हवे.

खरी अडचण भक्तीची आहे. घरातील चार माणसे चार तांबे पाणी घालतात, तेही भर पावसाळ्यात! बोट पेरभर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पळीभर पाण्यावर नमस्कार करावा. दूध मातीत ओतू नये. हळद-कुंकू खोडाऐवजी वृंदावनाच्या भिंतीला लावावे आणि निरांजन कोनाड्यात ठेवावे. ज्योतीच्या झळीने एका बाजूची पाने करपलेली आम्ही नेहमी पाहतो.

पाने पांढुरकी ठिपकेदार होऊन वळू लागली तर मागे बारीक जाळीदार पंखांचे ढेकूण दिसतील. तुळशीचे पान पोटात जाते, तेव्हा रासायनिक औषध मारू नये. किडके शेंडे खुडून नष्ट करावेत व ५ टक्के निंबोळी अर्क पानांच्या मागील बाजूस फवारावा.

इतके करूनही कुंडीतील तुळस दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. तो तिचा स्वभाव आहे, कुणाचा दोष नाही. म्हणून मागच्या अंगणात पिशवीत दोन रोपे नेहमी तयार ठेवावीत. जूनमध्ये बारीक बी राखेत मिसळून वरचेवर पेरावे. आठ-बारा दिवसांत उगवते. जुलैअखेर रोप वृंदावनात लावावे व श्रावण-भाद्रपदात दोन-तीन खुडण्या द्याव्यात. नवरात्र बसले की खुडणी थांबवावी, म्हणजे कार्तिकात तुळशीच्या लग्नाला घेरदार झाड मंजिऱ्यांसह उभे राहते. लग्न आटोपले, पौर्णिमा झाली की त्या मंजिऱ्या काढून घ्याव्यात.