तीन वर्षांचा संघ

शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ उभा करायचा, तर आधी एस.टी.चं वेळापत्रक पाठ करावं लागतं. गावाला रेल्वे नाही. बोराडी, सांगवी, पळासनेर अशा सातपुड्याच्या बाजूच्या गावांतून मुलं पास काढून येतात. तासिका आणि प्रात्यक्षिकं आटोपून मैदानावर पोचेपर्यंत परतीच्या गाडीची चिंता सुरू झालेली असते. खेळाच्या सरांना सराव बसवायचा तो या दोहोंमधल्या वेळात. शहरातला प्रशिक्षक संध्याकाळचे दोन-तीन तास गृहीत धरतो. इथे ऐन रंगात आलेल्या सरावातून सांगवीचा मुलगा पिशवी उचलून निघतो, आणि त्याला थांब म्हणायची सोय नसते.

कागदोपत्री या माणसाचा हुद्दा ‘शारीरिक शिक्षण संचालक’. बास्केटबॉल हा त्याच्याकडच्या अनेक खेळांपैकी एक. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री, कुस्ती, बुद्धिबळ यांचे संघही त्यानेच न्यायचे. प्रवेशअर्ज भरून घ्यायचे, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती जोडायच्या, वयाची अट तपासायची, जिमखान्याच्या पैशांतून बूट आणि गणवेश बसवायचे, प्रवासभत्त्याची बिलं लावायची. या सगळ्यातून जो उरतो, तो प्रशिक्षक. या पेशाबद्दल लिहिताना माणसं नेहमी चषकांपासून सुरुवात करतात. मला वाटतं, ती या बिलांपासून करावी. संघ वेळेवर मैदानावर उतरला, हीच पुष्कळदा या माणसाची पहिली कामगिरी असते.

दुसरी कामगिरी खेळाडू घडवण्याची. खानदेशातल्या खेड्यातून आलेला मुलगा कबड्डी किंवा व्हॉलीबॉल खेळलेला असतो. बास्केटबॉल त्याच्या हातात पडतो तो अठराव्या वर्षी, आणि त्या वयात खेळ नव्याने शिकवणं सोपं नाही. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच, तिचा आतला व्यास 45 सेंटिमीटर. मैदान 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. चेंडू ताब्यात आल्यापासून 8 सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि 24 सेकंदांच्या आत रिंगकडे फेकायचा. नव्या मुलाचं सगळं लक्ष चेंडूवर असतं, त्यामुळे मान खाली. ती मान वर यायला काही महिने जातात. पण कबड्डीतून आलेल्या मुलाजवळ एक गोष्ट आयती असते. समोरच्याच्या कमरेकडे बघून तो कुठे वळणार हे त्याला कळतं, आणि पाय रुंद ठेवून सरकण्याची सवय असते. चांगले सर त्याला आधी बचावात उभं करतात. चेंडू हाताळणं पुढे येतं. व्हॉलीबॉलच्या मुलाला उडी माहीत असते, म्हणून तो रिबाउंडला. हाताशी आहे त्यातून पाच जणांची मांडणी करणं, ही या पेशाची खरी विद्या आहे.

त्यात मैदानाचाही त्रास. तापी खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला सिमेंटचा थर तडकतो आणि चेंडू नको तिथे उसळतो. महाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा आणि दिवाळीच्या आसपास येतात, म्हणजे ऐन तयारीच्या दिवसांत उघडं मैदान ओलं. उन्हाळ्यात मैदान कोरडं असतं, पण परीक्षा उरकून मुलं शेतावर किंवा मजुरीला गेलेली असतात, आणि पारा 42-43 च्या वर.

ओल्या मैदानाची गोष्ट या खेळाच्या मोठ्या इतिहासातही आहे. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला तो उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस पडला, चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला 19-8 असं हरवलं. खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ तेव्हा बर्लिनमध्ये होते. त्यांच्या प्रवासासाठी अमेरिकेतल्या बास्केटबॉल प्रशिक्षकांनी पैसे जमवले होते. त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवत होता. आज विदर्भ-खानदेशातले कितीतरी खेळाचे सर त्याच मंडळाच्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले आहेत. मल्लखांबाची परंपरा सांगणारी संस्था आणि पीचच्या टोपलीतून निघालेला खेळ यांचं शहर आणि वर्ष एक असावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

नेस्मिथ स्वतः छोट्या संस्थेतले व्यायामशिक्षकच होते. डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षणशाळेत थंडीमुळे आत कोंडलेल्या, कंटाळलेल्या वर्गासाठी त्यांनी 13 नियम लिहिले आणि पीचच्या दोन टोपल्या टांगल्या. याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेल्या हॅरी बक यांनी 1920 मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं, आणि भारतातल्या व्यायामशिक्षकाचा पेशा आकाराला आला. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथल्या नऊ वर्षांच्या प्रशिक्षकपदात त्यांनी 55 सामने जिंकले, 60 हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला प्रशिक्षक तो एकच, खेळ शोधून काढणारा. हा आकडा तालुक्याच्या प्रत्येक क्रीडा विभागात भिंतीवर लावावा असा आहे.

कारण त्या हरलेल्या माणसाच्या हातून पुढे काय झालं ते पाहावं. 1933 मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससला त्यांच्याकडे शिकायला आला. विद्यापीठाच्या संघात त्याला वर्णामुळे जागा नव्हती. नेस्मिथ यांनी त्याला प्रशिक्षणाचं शास्त्र शिकवलं. मॅक्लेंडन उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅम इथल्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाले. दमसास वाढवून घेतलेले खेळाडू, पूर्ण मैदानभर दबाव आणि चेंडू मिळताच धाव, ही त्यांची पद्धत. मार्च 1944 मध्ये एका रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, बंद दारांआड त्यांच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाला 88-44 असं हरवलं. त्यानंतर दोन्ही संघांतली मुलं मिसळून पुन्हा खेळली. हे सगळं त्या काळच्या वर्णभेदी कायद्यांविरुद्ध होतं, म्हणून कित्येक दशकं गुप्त राहिलं. पुढे टेनेसीतल्या छोट्या महाविद्यालयाकडून त्यांनी 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन वर्षं छोट्या महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. बास्केटबॉलच्या गौरवदालनात त्यांना 1979 मध्ये खेळासाठीच्या योगदानाबद्दल घेतलं. प्रशिक्षक म्हणून घ्यायला 2016 उजाडलं. तेव्हा ते हयात नव्हते.

इतकं लांब जायचीही गरज नाही. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेता निघाला, तो बच्चू खान यांच्या तालमीतून. तिथल्या पालिकेच्या मैदानाला आज बच्चू खान यांचं नाव आहे. फरक एवढाच की नागपाड्यात मूल चालायला लागल्यापासून चेंडू पाहतं, आणि तिथला प्रशिक्षक त्याला दहा-बारा वर्षं आपल्याजवळ ठेवू शकतो.

शिरपूरच्या सरांकडे तीन वर्षं असतात. पहिल्या वर्षी मुलगा चेंडू ओळखतो, दुसऱ्या वर्षी जागा धरतो, तिसऱ्या वर्षी खेळू लागतो आणि पदवी घेऊन जातो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून एखादा मुलगा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात निवडला गेला, तर पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्याची गाठ महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या संघांशी पडते. तिथे पुण्या-मुंबईची मुलं लहानपणापासून लाकडी फरशीवर खेळलेली असतात. पहिल्या फेरीत हरून परतलेला तो मुलगा गावी मात्र आंतरविद्यापीठ खेळाडू असतो, आणि त्याच्या मागून दोन-चार मुलं मैदानावर येतात. खेळाचं बीज तालुक्यात रुजतं ते असं, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात येत नाही.

शारीरिक शिक्षण संचालकाचं हे पदच आता धोक्यात आहे, याची मला खरी काळजी वाटते. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांची भरती वर्षानुवर्षे रखडत आली आहे. संचालक निवृत्त झाला की त्याचं काम तासिका तत्त्वावरच्या माणसाकडे जातं, किंवा दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाकडे जास्तीचा भार म्हणून. संघ पाठवले जातात, प्रमाणपत्रं मिळतात. पण ज्याची मान अजून खाली आहे अशा मुलासमोर तीन वर्षं रोज उभं राहणारा माणूस नसतो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण ठेवायचं आणि खेळाडू घडवणाऱ्याची खुर्ची रिकामी ठेवायची, हे जुळत नाही.

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात क्रीडा विभागाचं एक पान असतं, त्यावर चषकांची यादी. तिथे आणखी एक रकाना हवा: प्रवेशाच्या दिवसापर्यंत हा खेळ कधीच न खेळलेली किती मुलं यंदा पूर्ण सामना खेळली. छोट्या महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाची कारकीर्द त्या रकान्यातून वाचता येईल, आणि संस्थाचालकांनी पदाची मागणी शासनाकडे करताना तोच कागद सोबत जोडावा.