शेरखान मुरुडचा

१९९३ साली कासूत आमच्या आळीत टीव्ही दोनच. रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ लागलं की त्यातल्या एका घराच्या पडवीत पोरांची दाटी. एकाने कौलांवर चढून अँटेना धरायचा आणि खालच्यांनी ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं. अँटेनावाल्याच्या वाट्याला फक्त आवाज यायचा. माझी पाळी बऱ्याचदा यायची, त्यामुळे मोगली मी निम्मा पाहिला आणि निम्मा ऐकला.

ही मालिका जपानी आहे, निप्पॉन अॅनिमेशनने १९८९मध्ये केलेली ५२ भागांची, हे मला कळेस्तोवर मिसरूड फुटलं होतं. जपानी वाटावं असं काही कानावर पडलंच नव्हतं. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखान नाना पाटेकर! नाना मुरुड-जंजिऱ्याचे, म्हणजे आमच्याच रायगडातले. मोगलीचं जंगल असेल कुठलंही, वाघ मात्र जिल्ह्यातला होता. ‘परिंदा’तला नानांचा अण्णा तेव्हा लोकांच्या डोक्यात ताजा होता, आणि इथेही नाना डरकाळ्यांच्या भानगडीत पडत नाहीत. शब्द चघळत, मध्येच थांबून बोलतात. आजी म्हणायची, ‘यो वाघ वरडत नाय, म्हनून भ्या वाटतं.’ पुढे अॅनिमेवरची, म्हणजे जपानी अॅनिमेशनवरची, पुष्कळ परीक्षणं वाचली, पण आजीइतकं नेमकं कोणी लिहिलेलं आठवत नाही.

अॅनिमेचा इतिहास थोडक्यात उरकतो. १ जानेवारी १९६३ला ओसामू तेझुकांचा ‘अॅस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा आणि पैसे बेताचे, म्हणून चित्रं कमी काढायची, एकच चित्र तीन-तीन फ्रेम ठेवायचं, ही काटकसर रूढ झाली. बोलणाऱ्या पात्राचं तोंडही बहुधा तीनच प्रकारचं: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. आवाज चित्रांनंतर भरायचा.

माझा सगळा जीव या तीन तोंडांत अडकलाय. ओठ जपानीशीही काटेकोर जुळत नाहीत, तर हिंदीने काय घोडं मारलंय? ‘मूळ जपानीच ऐका, डबिंग म्हणजे भेसळ’ म्हणणारे शौकीन मला म्हणूनच पटत नाहीत. डबिंग वाईट असतं तेव्हा ते नटामुळे आणि संवाद लिहिणाऱ्यामुळे, ओठांमुळे नव्हे. कुठलाही अॅनिमे जोखताना मी आधी पाच मिनिटं डोळे मिटून ऐकतो. अँटेनाची सवय, दुसरं काय!

डोळ्यांवरून आठवलं. आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी बघत बसणं हा माझा जुना छंद. बारीक कुंचला, श्वास रोखलेला, एका फटक्यात पापणी. तोवर मूर्ती नुसती रंगवलेली असते, आखणी झाली की ती आपल्याकडे बघायला लागते. अॅनिमेतले मोठाले डोळे हीही आखणीच. तेझुका डिस्नेचे भक्त, डोळ्यांचा आकार त्यांनी तिथून उचलला.

तर आवाज. युगो साको या जपानी माणसाने आपल्या अॅनिमेटर राम मोहन यांना सोबत घेऊन ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा अॅनिमेशनपट केला. जानेवारी १९९३मध्ये तो दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मूळ संवाद इंग्रजी. जुन्या हिंदी आवृत्तीत राम अरुण गोविल आणि रावण अमरीश पुरी. २४ जानेवारी २०२५ला तो नव्या हिंदी आवाजांत थिएटरात आला, तेव्हा सीता झाल्या सोनल कौशल. म्हणजे आपल्या पोरांचा डोरेमॉन! मी थिएटरात डोळे मिटले आणि अशोकवनात निळा बोका दिसू लागला. हा दोष त्यांचा नाही, माझ्या घरातल्या टीव्हीचा.

गेल्या सप्टेंबरात भाच्याबरोबर पनवेलला ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ पाहिला. हिंदी, तमिळ, तेलुगू आवृत्त्या होत्या, मराठी नव्हती. मला हिंदी हवी होती, त्याला जपानी. तिकिटं त्याने काढलेली, त्यामुळे जपानी. कार्यकर्त्याच्या निष्ठेने तो मला सबटायटल्सच्या पट्ट्या वाचायला लावत होता. चित्रं देखणी आहेत, मारामारी मात्र लांबते.

परतीच्या मेमूत मी त्याच्या एका कानात इअरफोन घातला आणि नानांचा शेरखान लावला. हमरापूर गेलं, पेण गेलं, तो गप्प. मग म्हणाला, ‘मामा, याला जपानीत कोणी आवाज दिलाय?’ मला ठाऊक नव्हतं. कासू आलं, दोघं उतरलो, तरी तो मोबाइलवर शोधतच होता.